कोयता गावात असताना

(शिरूर कासार येथील स्मृतिव्याख्यानमालेत भाद्रपदात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सरकारला एखादी नवी योजना आणायची असली की आधी पैशाचा हिशेब होतो. किती कोटी लागतील, कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचे, पुढच्या वर्षी किती बोजा पडेल, हे सगळे कागदावर येते. वित्त विभागाचा शेरा पडल्याशिवाय फाईल हलत नाही. माणसांच्या हिशेबाला अशी अट नाही. या निर्णयाने कुणाच्या हातचे काम जाईल, कुणाच्या लेकराची शाळा सुटेल, कोणत्या घरातल्या बाईची झोप आणखी तासभर कमी होईल, हे विचारल्यावाचून अडलेली फाईल माझ्या तरी ऐकिवात नाही. धोरणाचे समाजावर होणारे परिणाम आधीच जोखायचे कसे, हा आजचा विषय आहे. तो शिरूरला मांडायचा तर मला एक प्रश्न सर्वांत आधी विचारावासा वाटतो: हे परिणाम जोखायचे कोणत्या महिन्यात?

पुण्या-मुंबईच्या सभेत हा प्रश्न चमत्कारिक वाटला असता. तुम्हाला तो समजावून सांगायची गरज नाही. दसऱ्याचा मेळावा उरकला की ऊसतोडीच्या मुकादमांचे फोन सुरू होतात, ट्रॅक्टर दारात लागतात आणि दिवाळी बहुतेकांची उसाच्या फडातच होते. पौषात आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही वस्तीवर जा. चारांपैकी दोन घरांना कुलूप, तिसऱ्याच्या दारात आडवी लावलेली बाभळीची फांदी आणि चौथ्याच्या ओट्यावर एक म्हातारी, तिच्या भोवती तीन-चार नातवंडे आणि दावणीला एक शेळी. साखर कारखान्याचा पट्टा पडून गाळप थांबेपर्यंत, म्हणजे पाडव्याच्या आगेमागेपर्यंत, गावाचा हाच मुखवटा राहतो. याच महिन्यांत, आर्थिक वर्ष संपत आलेले असते म्हणून, पाहण्या होतात, फॉर्म भरले जातात. त्या फॉर्मवर त्या म्हातारीचा अंगठा असतो. तिला विचारतात, घरात कमावते किती? ती म्हणते, सध्या कुणीच नाही. तेच उत्तर रकान्यात जाते आणि पुढे धोरणाचा आधार होते.

धोरणाला जाब विचारण्याची परंपरा आपल्याकडे परदेशातून आलेली नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात सरकारने खर्च वाचवण्यासाठी दुष्काळी कामांवरची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा इतकी खाली आणली. तेव्हा मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि सरकारला पत्रांवर पत्रे लिहिली. एवढ्या धान्यात दिवसभर खडी फोडणारा माणूस जगतो का, हा त्या पत्रांतला खरा प्रश्न. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात त्यांनी शिक्षणाच्या धोरणाला साध्या कसोटीवर घासले: सरकारची तिजोरी कुणाच्या घामाने भरते आणि तिच्यातून शिकते कोण? सामाजिक परिणामांवरचे अलीकडचे जाडजूड अहवाल मी वाचले आहेत. फुल्यांच्या या दोन प्रश्नांच्या पुढे त्यांतले फार थोडे गेले आहेत. मला त्यांत तिसरा प्रश्न घालायचा आहे: विचारायला गेलात तेव्हा गावात कोण नव्हते?

कायद्याच्या वाटेने हा विचार सावकाश आला. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांसोबत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हा बुडणाऱ्या गावांना आधी विचारावे अशी कुठली तरतूद नव्हती. महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. देशात अशा कायद्यात पुढाकार आपला होता, याचा मला अभिमान आहे. पण त्याच वर्षी जायकवाडीचे उद्घाटन झाले. कोयनेची, जायकवाडीची गावे त्याआधीच उठली होती. मग २०१३ चा भूसंपादनाचा कायदा आला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. जमीन घेण्याआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास सहा महिन्यांत पूर्ण करावा, ग्रामसभेशी बोलावे, जाहीर सुनावणी घ्यावी, अहवाल लोकांच्या भाषेत लावावा, मग तज्ज्ञांनी तो तपासावा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पुढे २०१८ मध्ये महाराष्ट्राने दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना या अभ्यासातून सूट देण्याची वाट मोकळी केली. ती दुरुस्ती चुकीची होती असे माझे स्पष्ट मत आहे. विचारण्यात सहा महिने जातात म्हणून विचारायचेच नाही, हा हिशेब पुढे कोर्टकचेऱ्यांत वीस वर्षांनी महाग पडतो.

त्या कायद्यातले एक कलम आपल्याला जवळचे आहे. 'बाधित कुटुंब' म्हणजे फक्त सातबारावाला नव्हे. संपादनाच्या आधी तीन वर्षे त्या भागात राबणारा शेतमजूर, कूळ, कारागीर यांचे कुटुंबही त्यात येते. चांगले कलम आहे. आता शिरूरचा कोयता, म्हणजे ऊसतोड कामगार, त्यात बसवून बघा. तो सहा महिने कोल्हापूर, सांगली किंवा बेळगावच्या फडात राबतो. तिथली उसाची जमीन रस्त्याखाली गेली तर तिथल्या यादीत त्याचे नाव नसते, कारण तो तिथला नाही. इथे त्याची दीड एकर माळरान जमीन गेली आणि सुनावणी माघात लागली तर तो इथे नसतो. कायद्याने ज्याला आत घेतले, त्याला पंचांगाने बाहेर ठेवले.

आणि हा सगळा कायदा जमिनीपुरता. योजना, अनुदान, दरवाढ, हंगामाची तारीख, यांना असा कोणताही अभ्यास लागत नाही. केंद्राच्या विधी मंत्रालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये एक धोरण कळवले होते. नव्या कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा आणि त्यासोबत सोप्या भाषेत टिपण द्यावे. हा कायदा का हवा, खर्च किती आणि ज्यांच्यावर परिणाम होईल त्यांच्या जगण्यावर, रोजगारावर, हक्कांवर, पर्यावरणावर तो काय होईल, हे त्यात सांगावे. पण ते धोरणच आहे, कायदा नाही. पाळले नाही तर कुणाला विचारता येत नाही. आणि ३० दिवस कोणते, हेही त्यात लिहिलेले नाही.

आता सरकारचा एकच निर्णय उदाहरण म्हणून घेऊ आणि त्याच्याशी थोडे थांबू. केंद्राच्या राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून २०२२-२३ आणि २०२३-२४ साठी महाराष्ट्रात ९०० ऊसतोडणी यंत्रांना अनुदान द्यायचे ठरले. यंत्राच्या किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांतले जे कमी असेल ते. यामागची अडचण खरी आहे. मजूर पुरत नाहीत, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन टोळ्या येत नाहीत, ऊस फडात वाळतो आणि शेतकऱ्याच्या गळ्याशी येते. शिवाय माझी लेक पहाटे तीनला थंडीत उठून कोयता घेवो, असे या सभेतल्या एकाही आईला वाटत नसेल. यंत्राला विरोध करायला मी उभा नाही. पण यंत्र येण्याआधी हिशेब मांडायचा राहिला, तो आज मांडू.

एका कोयत्याचा, म्हणजे नवरा-बायको जोडीचा, हिशेब असा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला २७३ चा ३६६ रुपये झाला. जोडीने लाखाची उचल घेतली असेल तर ती फिटायला साधारण २७३ टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन पडला तर १३७ दिवस, दीड टन पडला तर १८२. त्यात किराणा, आजारपण, खाडे हे वेगळे. हंगाम तितका चालला तर जोडी मोकळी होते. २०२४-२५ ला बहुतेक कारखाने मार्चमध्येच बंद झाले. ज्यांची उचल फिटली नाही, त्यांची बाकी पुढच्या वर्षावर गेली आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणे आले.

आता यात यंत्र घाला. यंत्र दिवसाला १०० टन तोडते असे ढोबळ धरले तर ते ५० कोयत्यांचे काम करते. ९०० यंत्रे म्हणजे ४५ हजार कोयते, ९० हजार माणसे. ही माझी पाटीवरची बेरीज आहे, खरा आकडा याहून कमी निघेल किंवा जास्त. पण शासन निर्णयात यंत्रांची संख्या, रक्कम, अर्जाची रीत, कागदपत्रे सगळे असते. किती कोयते मोकळे होतील आणि ते कुठे जातील, याचा रकाना नसतो. तो घालायला लावणे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि नुसता आकडा पुरत नाही. परिणाम कसा उतरत जातो ते फडात उभे राहिल्यावर दिसते. यंत्राला रुंद सरी लागते, मोठा तुकडा लागतो, उभा ऊस लागतो. तो ऊस यंत्राकडे गेला की हाताला उरतो तो लोळलेला, अडचणीच्या बांधाचा, चिखलाच्या वावरातला. म्हणजे जो कोयता टिकला त्याचाही रोजचा दोन टनांचा दीड टन होतो आणि उचल फिटायचे दिवस वाढतात. दुसरे, वाढे. हाताने तोडताना शेंडा वेगळा पडतो, बाया त्याच्या पेंढ्या बांधतात, बैलांना घालतात, उरलेल्या विकून मीठ-मिरचीचे पैसे काढतात. फडातला हा एकच रोख पैसा बाईच्या हातात येतो. यंत्र शेंड्याचा भुगा करून वावरातच टाकते. हे नुकसान कुठल्याच अहवालात येणार नाही, कारण ते कुठल्याच पावतीवर नसते. तिसरे, यंत्र घेणार कोण? ३५ लाखांवरची बाकी रक्कम ज्याला उभी करता येते तोच. उद्या सरकारने ठरवले की दहा यंत्रांमागे चार यंत्रे कोयता सोडणाऱ्यांच्या गटांना द्यायची, चालवायचे शिक्षण पाटोदा-शिरूरच्या पोरापोरींना द्यायचे आणि मोकळ्या झालेल्या जोडीची जुनी बाकी कशी मिटवायची तेही त्याच निर्णयात लिहायचे, तर तेच अनुदान या तालुक्याला तारक ठरेल. परिणाम आधी जोखायचे ते यासाठी, निर्णय अडवण्यासाठी नव्हे.

बायांचा विषय इथे थोडा नेटाने बोलला पाहिजे. २०१९ मध्ये आपल्या बीड जिल्ह्याचे नाव देशभर गेले ते पिशवी काढलेल्या बायांमुळे. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. खासगी दवाखान्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय ही शस्त्रक्रिया करू नये असा दंडक आला. दंडक गरजेचाच होता. पण त्या बाईने पिशवी का काढली? पाळीत दोन दिवस घरी बसली तर खाडा लागतो, खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. कोपीपाशी, म्हणजे फडावरच्या झोपडीपाशी, संडास नाही, पाणी नाही, अंगावर ओला कपडा. दुखणे अंगावर काढता काढता डॉक्टर म्हणतो, काढून टाक, कटकट मिटेल. आणि टनावर मजुरी, जोडीवर उचल, पैसा नवऱ्याच्या हाती, ही पद्धत कुणी कधी तपासलीच नाही. दर तीन-चार वर्षांनी दरवाढीचा करार होतो, संघटना आणि साखर संघ बसतात, टक्क्यांवर खल होतो. त्या टक्क्यांतला बाईचा वाटा तिच्या नावावर का येत नाही, खाडा पाळीच्या दिवसांत का लागतो, हे त्या टेबलावर यायला हवे. दर टनामागे दहा रुपये कारखान्याकडून आणि तेवढेच सरकारकडून, असे गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाला मिळायचे ठरले आहे. त्या पैशातून फडाजवळ फिरता दवाखाना उभा राहतो का, हे मोजले तरी पुष्कळ.

लेकरांच्या बाबतीत सरकारने काही गोष्टी मनापासून केल्या, हेही सांगितले पाहिजे. आधी कारखान्यावरच्या साखरशाळा, मग गावातच राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आणि २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत संत भगवानबाबांच्या नावाने ८२ वसतिगृहांचा निर्णय, मुलांचे एक आणि मुलींचे एक. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते दिवाळीनंतर हजेरीपुस्तकात गेलेल्या मुलांच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करत नसत, पेन्सिलीने कारखान्याचे गाव लिहीत. त्या पुस्तकात वर्ग कुठे कुठे पांगला ते दिसे. हंगामी वसतिगृहाने दुसरी-तिसरीची पोरे गावात थांबली. चौदा-पंधराची पोर मात्र थांबली नाही. तिला कुणाच्या जिवावर ठेवायची, हा आईचा प्रश्न होता आणि उचल जोडीला मिळते, हा मुकादमाचा हिशेब. दोन्ही मिळून तिचे लग्न लवकर होते. म्हणून मुलींच्या वसतिगृहाचे यश किती खाटा भरल्या यावर मोजू नये. त्या तालुक्यात त्या वर्षी अठरा पूर्ण न झालेल्या किती मुली बोहल्यावर चढल्या, यावर मोजावे.

करून पाहून मग कायदा करण्याचे एक उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. विधान परिषदेचे सभापती राहिलेल्या वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर गावात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग करून पाहिला. मग १९७२ चा दुष्काळ, १९७७ चा रोजगार हमी कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून त्याचा अंमल. कायदा होईपर्यंत माणसे, मजुरी, खडी, पाझर तलाव, सगळ्याचा अनुभव गाठीशी होता. तरीही ही हमी बीडचा कोयता थांबवू शकली नाही. तिचे काम रोजाचे आणि पगार आठवड्यानंतर, कधी महिन्यांनी. उचल आषाढात, पेरणीच्या आणि शाळेच्या तोंडावर, एकरकमी हातात पडते. लग्न, दवाखाना, खत-बियाणे एकरकमीच मागतात. कामाची हमी होती, वेळेवर रकमेची नव्हती. हे विसापुरात कळले नसते, कारण विसापूरच्या लोकांना उसाला जावे लागत नव्हते. प्रयोग कुठे करता यावर त्यातून काय शिकता ते ठरते. ऊसतोडीशी संबंधित कुठलीही योजना आधी शिरूर, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी यांपैकी एका तालुक्यात, एक पूर्ण हंगाम चालवून पाहावी.

पंचांगाकडे पुन्हा येतो, कारण माझ्या मते सगळ्या गोष्टींची मेख तिथे आहे. वर्षातल्या चार ठरलेल्या ग्रामसभा म्हणजे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. पहिलीला कोयता फडात असतो. २०२४ मध्ये विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते आणि गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून. कित्येकांचे मत फडातच राहिले. २०११ च्या जनगणनेत माणसे मोजली गेली फेब्रुवारीत, संदर्भ तारीख १ मार्च. त्या मोजणीच्या काळात जो गावात आलाच नाही तो जिथे सापडेल तिथे मोजायचा, अशी रीत आहे. म्हणजे शिरूरचा माणूस कोपीत सापडला तर कोल्हापुरात मोजला गेला, नाही सापडला तर कुठेच नाही. लोकसंख्येवर ठरणाऱ्या कितीतरी गोष्टी, निधी असो, प्राथमिक आरोग्य केंद्र असो, इथे कमी माणसांवर बेतल्या गेल्या. फेब्रुवारी २०२७ ची जनगणनाही याच १ मार्चच्या संदर्भ तारखेने आहे. निदान कारखाना क्षेत्रातल्या प्रत्येक कोपीवर प्रगणक जाईल याची खबरदारी जिल्हा प्रशासनांनी घेतली पाहिजे.

गावात असण्या-नसण्याचा हा प्रश्न नव्या सोयींनाही लागू आहे. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडपर्यंत रेल्वे आली. १९९५ पासून वाट पाहिलेली गाडी, रायमोहा-विघनवाडीच्या माळावरून धावताना पाहून अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले. त्या गाडीने टोळ्या फडात जाणे सोपे होणार की इथे काही उभे राहून जाणेच कमी होणार, हे अजून ठरायचे आहे. ते ठरवणाऱ्या बैठका होतील तेव्हा आपण गावात असलो पाहिजे.

म्हणून आता हातात घेण्याजोगी गोष्ट. २०२१ पासून ऊसतोड कामगारांची नोंद आणि ओळखपत्र ग्रामसेवकाकडून देण्याची व्यवस्था आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला कोयते गावात असतात. त्या सभेत प्रत्येक गावाने त्या नोंदीत चार गोष्टी वाढवाव्यात: कुठला कारखाना, किती उचल आणि जुनी बाकी किती, मागे राहणारी लेकरे कुणाकडे, सोबत जाणाऱ्या बाईला काही दुखणे. नावे जाहीर वाचायची नाहीत, फक्त गावाची बेरीज वाचायची. पाडव्यानंतर, १ मेच्या सभेत, परत आलेल्यांकडून हीच बेरीज पुन्हा घ्यायची. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे त्या हंगामात धोरणांनी या गावाचे काय केले त्याचा तुमच्या हातचा पुरावा. आणि ठरावात एक वाक्य हवे: या गावाशी संबंधित कोणतीही सुनावणी, पाहणी किंवा हरकती मागवण्याची मुदत कार्तिक ते चैत्र या काळात ठेवू नये. ठेवावीच लागली तर ती फडात जाऊन घ्यावी. तहसीलदारांपासून मंत्रालयापर्यंत ज्यांना तो ठराव पाठवायचा त्यांची यादी व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी केली आहे.

ठरावाचा मसुदा मी सोबत आणला आहे, प्रती दारापाशी ठेवल्या आहेत. भाषा सरकारी झाली असेल तिथे सोपी करा. बायांनी तो आधी वाचावा आणि काय राहिले ते मला सांगावे. सभा संपल्यावर मी इथेच बसतो आहे.